भूमध्य समुद्रातील क्रूझ आणि लहान मूल

बार्सिलोना, मार्से, जिनोआ, चिविताव्हेकिया, नेपल्स किंवा पालेर्मो, व्हालेटा किंवा पाल्मा अशी बंदरे घेत, सात रात्रींनी पुन्हा निघाल्या बंदरी परतणारी पश्चिम भूमध्य समुद्रातील क्रूझ आता महाराष्ट्रातून युरोपला जाणाऱ्या कुटुंबांच्या सहलींतही दिसू लागली आहे. अशा सहलीबरोबर पहिल्या विमानतळापासून शेवटच्या विमानतळापर्यंत राहणाऱ्या, तिकिटांपासून जेवणापर्यंत सारी व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला पर्यटन व्यवसायात टूर मॅनेजर म्हणतात. प्रस्तुत लेखातील निरीक्षणे या कामातून आलेली आहेत आणि ती सात वर्षांच्या आतील मुले व त्यांना घेऊन येणारी कुटुंबे यांच्यापुरतीच मर्यादित आहेत. या कामात पुन्हा पुन्हा प्रत्ययास येणारी गोष्ट अशी की, क्रूझ लहान मुलाला सर्वांत मोठे काही देत असेल तर तो रोज रात्रीचा तोच पलंग होय, आणि मोठी माणसे आखणी करताना नेमके तेच देणे बंदरांच्या यादीपायी गमावून बसतात.

बसने होणाऱ्या युरोप सहलीत दर एक-दोन रात्रींनी हॉटेल बदलते, सकाळी सातला बॅगा खोलीबाहेर ठेवाव्या लागतात आणि दिवसाचे चार-पाच तास बसमध्ये जातात. मोठ्यांना हे सोसते, कारण त्यांना पुढचे गाव पाहायचे असते. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र पुढच्या गावाची ओढ नसते आणि नवी खोली त्याला रोज नव्याने ओळखीची करून घ्यावी लागते. जहाज प्रवासाचा हा भार रात्रीवर ढकलते. बहुधा संध्याकाळी ते बंदर सोडते, रात्रभर अंतर कापते आणि सकाळी दुसऱ्या देशाच्या धक्क्याला लागते, पण कपाट, पलंग, न्हाणीघर आणि दारावरचा क्रमांक तेच राहतात. तिसऱ्या दिवशी लिफ्टमधून उतरलेले चार वर्षांचे मूल आईचा हात सोडून शेकडो एकसारख्या दारांच्या त्या लांबलचक मार्गिकेत आपल्या केबिनीच्या दिशेने अचूक वळते, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला या स्थैर्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

यानंतरचा प्रश्न घड्याळाचा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो इतर सर्व प्रश्नांहून मोठा आहे. युरोपातील उन्हाळी वेळेनुसार इटली, फ्रान्स आणि स्पेन भारताच्या साडेतीन तास मागे असतात. शरीराचे झोपेचे आणि भुकेचे अंगभूत वेळापत्रक नव्या घड्याळाशी जुळायला साधारण दिवसाला एक तास या गतीने वेळ लागतो, म्हणजे सात रात्रींच्या सहलीतील पहिले तीन-चार दिवस मूल भारतीय वेळेवरच जगत असते. जहाजावरील मुख्य भोजनगृहात रात्रीचे जेवण बहुधा दोन पाळ्यांत मिळते. पहिली पाळी साडेसहाच्या सुमारास आणि दुसरी त्यानंतर दोन-अडीच तासांनी. पहिल्या पाळीला बसलेल्या मुलाच्या दृष्टीने तेव्हा रात्रीचे दहा वाजलेले असतात. जून महिन्यात बार्सिलोनाला सूर्य नवाच्या पुढे मावळतो, खिडकीबाहेर लख्ख ऊन असते, त्यामुळे पालकांना मुलाचे पेंगणे आणि चिडणे कळेनासे होते आणि सूप व मुख्य पदार्थ यांच्या मधल्या वेळात मूल ताटावर मान टाकते. अशा कुटुंबाने पहिले काही दिवस भोजनगृहाचा मोह सोडून सहाच्या आत बुफेत मुलाला जेवू घालावे आणि साडेसातला निजवावे, हा सल्ला अनुभवाने पक्का झालेला आहे. दुसरी पाळी लहान मुलांसाठी कोणत्याही कारणाने स्वीकारू नये, मग सोबतचे नातेवाईक त्याच पाळीत असोत किंवा नसोत.

याच गणिताची दुसरी बाजू पहाटेची आहे. असे मूल चार-साडेचारला टक्क जागे होते आणि केबिनीत बंद राहिले तर शेजारच्या चार केबिनी जाग्या करते. अनेक पालक या वेळेला शिक्षा समजतात, परंतु जहाजावरील लहान मुलाचा सर्वांत चांगला वेळ हाच असतो, असे ठामपणे म्हणता येते. पाचच्या सुमारास वरच्या डेकवर खलाशी पाण्याच्या नळीने फळ्या धूत असतात, आरामखुर्च्या रचून ठेवलेल्या असतात, गर्दी नसते, ऊन नसते, आणि बंदर जवळ आले असेल तर वाटाड्याची छोटी नाव जहाजाला बिलगते. वाटाड्या, ज्याला दर्यावर्दी पायलट म्हणतात, हा त्या बंदराचा जाणकार असतो. चालत्या नावेतून तो जहाजाच्या कुशीतील दारावर सोडलेल्या दोरशिडीने वर येतो आणि कप्तानाला धक्क्यापर्यंत वाट दाखवतो. मोठी माणसे झोपलेली असताना हे सारे पाहणारे मूल त्या दिवशी दुपारी कोणत्याही चर्चच्या घुमटाकडे तितक्या एकाग्रतेने पाहत नाही. आजी-आजोबा सोबत असतील तर ही पहाट त्यांच्याकडे सोपवावी. त्यांनाही लवकर जाग येते.

बंदरांच्या दिवसांपैकी रोमचा दिवस सर्वांत अवघड. रोम समुद्रकाठी नाही. जहाज थांबते ते सम्राट ट्रेजनने वसवलेल्या चिविताव्हेकिया या बंदरात, आणि तेथून शहर सुमारे 70 ते 80 किलोमीटरवर आहे. सकाळी आठला जहाजातून उतरून, बंदराच्या आवारातली बस घेऊन, पुढे रेल्वेने किंवा सहलीच्या बसने शहरात पोहोचेपर्यंत दहा-साडेदहा होतात. भारतात दुपारी दोनला झोपणाऱ्या मुलाची झोप रोममध्ये पहिल्या दिवसांत सकाळी साडेदहालाच येते. ते बसमध्ये झोपी जाते आणि त्याला नेमके कोलोसियमपाशी, तीस अंशांच्या वरच्या उन्हात, सुरक्षा तपासणीच्या रांगेत उठवले जाते. तेथून पुढचा दिवस सावरत नाही. रोमच्या जुन्या भागातील रस्ते काळ्या दगडी चौकोनांनी फरसबंद केलेले आहेत, त्यांवरून बाबागाडीची लहान चाके धड फिरत नाहीत, आणि झोपमोड झालेले पंधरा किलोंचे मूल वडिलांच्या खांद्यावर येते. त्याच दिवशी व्हॅटिकन, त्रेवी कारंजे आणि स्पॅनिश पायऱ्याही पाहायच्या असतील, तर पाचच्या आत बंदरात परतायच्या धावपळीत कुटुंबातील कोणालाही रोम नीट दिसलेले नसते.

या दिवशी कुटुंबाने रोममधील एकच जागा निवडावी. रेल्वेने जाणाऱ्यांना सान पिएत्रो हे स्थानक मुख्य स्थानकाच्या बरेच अलीकडे लागते आणि तेथून सेंट पीटरचा चौक पायी पंधरा मिनिटांच्या आत येतो. चौकातील खांबांची दुहेरी-तिहेरी नव्हे, चौपदरी रांग मुलांना लपंडावासाठी आणि थकलेल्या आजीला सावलीसाठी पुरते, आणि तिचा शिल्पकार बेर्निनी होता हे मोठ्यांना तेथे बसूनही वाचता येते. मुलांना रोममध्ये सर्वाधिक गुंतवून ठेवणारी वस्तू मात्र याहून साधी आहे. शहरभर रस्त्याकडेला ओतीव लोखंडाचे, अखंड वाहणारे पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. त्यांना नाझोनी म्हणतात. त्यांच्या वाकड्या नळीच्या वरच्या बाजूला एक बारीक छिद्र असते. नळीचे तोंड बोटाने दाबून धरले की पाणी त्या छिद्रातून वर उसळते आणि वाकल्याशिवाय पिता येते. एकदा ही युक्ती दाखवली की मूल पुढच्या नळापर्यंत आनंदाने चालते, तेथून त्याच्या पुढच्या नळापर्यंत चालते, आणि बाटलीतले पाणीही ताजे होत राहते. रोम चालून पाहण्याचा लहान मुलांसाठी यापेक्षा चांगला उपाय पाहण्यात नाही. आणि मूल तीन वर्षांच्या आतले असेल, तर आई किंवा वडील यांपैकी एकाने त्याच्यासह जहाजावर राहावे आणि दुसऱ्याने रोमला जावे. पुढच्या मोठ्या बंदरात पाळी बदलावी. खर्च केला आहे म्हणून सर्वांनी सर्व पाहिलेच पाहिजे, हा आग्रह समजण्यासारखा असला तरी त्याची किंमत मूल आपल्या शरीराने चुकवते.

याउलट काही बंदरे लहान मुलांसाठीच घडवल्यासारखी वाटतात. जिनोआत जहाज शहराच्या कुशीत लागते आणि जुन्या बंदराच्या आवारात, 1992 च्या प्रदर्शनासाठी रेंझो पियानो या वास्तुविशारदाने आखलेल्या भागात, युरोपातील सर्वांत मोठ्या मत्स्यालयांपैकी एक आहे. तेथे चालत जाऊन, शार्क आणि पेंग्विन पाहून, मूल जेवणाच्या वेळेला जहाजावर परत येऊ शकते. माल्टाची राजधानी व्हालेटा तर जहाजाच्या डेकवरूनच अर्धी दिसते. धक्क्याजवळून 58 मीटर उंचीची लिफ्ट थेट वरच्या बराक्का बागेत नेते आणि बागेखालच्या तोफखान्यातून दुपारी बारा वाजता तोफ डागली जाते. त्या आवाजाने काही मुले घाबरतात, म्हणून त्यांना आधी सांगून ठेवावे. नेपल्सला उतरताच समोर नव्या किल्ल्याचे बुरूज आहेत, पाँपेईचा हट्ट मात्र सहा वर्षांपर्यंत तरी धरू नये. तेथे सावली कमी आहे आणि दगडी रस्ते मुलांच्या पावलांना उंच पडतात. मार्सेत क्रूझचा धक्का जुन्या बंदरापासून दूर आहे, त्यामुळे शटल बसचा वेळ धरून अर्धा दिवस तरी हवा. पूर्व भूमध्य समुद्रातील सांतोरिनी बेटाला मोठे जहाज धक्क्याला लागत नाही. प्रवाशांना लहान नावांतून किनाऱ्यावर नेतात, या पद्धतीला टेंडरिंग म्हणतात, आणि वरचे फिरा गाव गाठायला केबल कार किंवा सुमारे 600 पायऱ्या असतात. दुपारी केबल कारच्या रांगेत तान्हे मूल घेऊन उभे राहण्यापेक्षा ते बेट जहाजावरून पाहिलेले बरे.

जहाजावरील नियम लहान मुलांच्या वयाप्रमाणे बदलतात आणि ते आरक्षणापूर्वी वाचले जात नाहीत, ही या कामातील नेहमीची अडचण होय. बहुतेक मोठ्या कंपन्या सहा महिन्यांच्या आतील बाळाला प्रवास करू देत नाहीत आणि महासागर ओलांडणाऱ्या लांब सफरींसाठी ही मर्यादा वर्षाची असते. मुलांच्या क्लबात, म्हणजे प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखालील खेळघरात, साधारण तीन वर्षांपासून पुढे प्रवेश असतो आणि मूल डायपरशिवाय राहणारे असावे लागते. त्याहून लहान मुलांसाठी पाळणाघर असलेच तर बहुधा तासाप्रमाणे पैसे पडतात. डायपर घातलेल्या बाळाला मुख्य जलतरण तलावात उतरू देत नाहीत, पोहण्याचे खास डायपर असले तरीही. त्यांच्यासाठी कारंज्यांचा वेगळा भाग काही जहाजांवर असतो. घरी पाण्यात खेळण्याचे वचन देऊन आणलेल्या दोन वर्षांच्या मुलाला तलावाच्या काठावरून परत न्यावे लागते, तेव्हा त्याच्या रडण्याला उत्तर नसते. हे वचन देण्यापूर्वीच जहाज कोणते, याची चौकशी झालेली असावी.

क्लबाच्या संदर्भात भाषेचा मुद्दा येतो, आणि तो पालकांना वाटतो तसा नाही. भूमध्य समुद्रातील जहाजांवर इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन अशी अनेक भाषांची मुले एकत्र असतात. चार वर्षांचे मराठी मूल ठोकळ्यांच्या ढिगाऱ्यात बसून शेजारच्या मुलाशी मराठीतच बोलत राहते, ते मूल इटालियनमध्ये उत्तर देते आणि मनोरा उभा राहतो. सहा-सात वर्षांचे मूल मात्र अडते, कारण आपल्याला कळत नाही हे त्याला कळू लागलेले असते, आणि अशा मुलाला पहिल्या दिवशी अर्धा तासच ठेवून, आई दाराबाहेर आहे हे त्याला दाखवून, हळूहळू वेळ वाढवावा लागतो. गटात समवयस्क दुसरे मराठी मूल असेल, तर दोघांना एकत्र पाठवणे सर्वांत उत्तम.

जेवणाची चिंता मराठी कुटुंबे घरूनच सोबत आणतात. युरोपीय संघात प्रवाशांनी बाहेरच्या देशांतून दूध व मांस यांचे पदार्थ आणण्यास मनाई आहे, त्यामुळे साजूक तुपाची बरणी नियमात बसत नाही. शिशूंच्या दुधाची भुकटी आणि शिशुआहार यांना बंद पाकिटात दोन किलोंपर्यंत सूट आहे. जहाजाच्या केबिनीत इलेक्ट्रिक किटली किंवा राइस कुकर लावता येत नाही, कारण आग हा जहाजावरील सर्वांत मोठा धोका मानला जातो आणि अशा वस्तू चढतानाच काढून घेतल्या जातात. यावर उपाय असा की मेतकूट, नाचणीचे सत्त्व, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा आणि गुळाची ढेप एवढे सोबत असावे. गरम पाणी बुफेत चोवीस तास मिळते आणि पांढरा भात जवळजवळ नेहमी असतो. मऊ भात, वरण किंवा बिनतिखटाची भाजी हवी असेल तर आदल्या रात्री मुख्य वेटरला सांगावे लागते. आयत्या वेळी हजारो माणसांच्या स्वयंपाकात एका मुलासाठी वेगळे पातेले चढत नाही. आदल्या रात्री सांगितले तर चढते, आणि ते चढवणारा हात अनेकदा भारतीय असतो.

गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत बोटीवरची नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुंबईत धोबीतलाव परिसरात गोव्याच्या गावागावांचे जे कुड, म्हणजे खलाशांचे सामाईक निवास, उभे राहिले ते याच नोकरीमुळे. आजही भूमध्य समुद्रातील जहाजांच्या भटारखान्यांत आणि केबिनींच्या सेवेत गोव्याचे, मुंबईचे आणि कोकणचे लोक भेटतात. त्यांचे करार सलग सहा ते नऊ महिन्यांचे असतात, आणि त्या काळात स्वतःची मुले त्यांना फोनवरच दिसतात. केबिनीत टॉवेलचा हत्ती घडवून ठेवणारा, मुलाला नावाने हाक मारणारा, त्याच्या जेवणाची आठवण ठेवणारा माणूस हे त्याच्या नोकरीचा भाग म्हणून करतो हे खरे असले, तरी त्यात त्याहून अधिक काही असते आणि मराठी पालकांनी त्याची दखल घ्यावी. मुलाला त्याचे नाव विचारायला सांगावे आणि सकाळी त्या नावाने नमस्कार करायला शिकवावे. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशाला चोवीस तासांत किमान दहा तासांची विश्रांती ठरवून दिली आहे. रात्री अकराला दूध गरम करून मागताना हे लक्षात असलेले बरे.

सुरक्षिततेच्या कवायतीबाबत तडजोड करता येत नाही. 13 जानेवारी 2012 रोजी कोस्टा कॉन्कोर्डिया हे जहाज जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि 32 माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री अनेक प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि 2015 पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा. तो ऐकून प्रत्येकाने आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे जमण्याच्या नेमून दिलेल्या जागी, जायचे असते. केबिनीतील लाइफ जॅकेट मोठ्यांच्या मापाची असतात. मुलांची आणि बाळांची वेगळी मागून घ्यावी लागतात, आणि ती मुलाला एकदा घालून पाहावीत. गळ्याशी येणारा फुगीर पट्टा आणि दोन पायांमधून जाणारा बंद अनोळखी असला की मूल हातपाय झाडते, आणि तो अनोळखीपणा शांत दुपारी संपवणे सोपे असते. मूल क्लबात असताना इशारा झाला तर पालकांनी कोठे जायचे, याची पद्धत कंपनीगणिक वेगळी असल्याने पहिल्या संध्याकाळीच ती विचारून घ्यावी. बाल्कनीची केबिन घेणाऱ्यांनी तेथील खुर्च्या व टेबल कठड्यापासून दूर ठेवावेत किंवा आत घेऊन टाकावेत, आणि दाराची वरची कडी सदैव लावावी.

समुद्र लागणे, म्हणजे डोळ्यांना स्थिर दिसणारी खोली आणि अंतर्कर्णाला जाणवणारी हालचाल यांच्या विसंगतीतून येणारी मळमळ, दोन वर्षांच्या आतील बाळांना क्वचितच होते. दोन ते बारा या वयात तिचे प्रमाण अधिक असते. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मिस्त्राल वारा सुटला की बार्सिलोना आणि मार्से यांच्यामधील लायन्सच्या आखातात जहाज हलते, तेव्हा मुलाला मधल्या भागातील खालच्या डेकवर न्यावे, क्षितिज दिसेल असे बसवावे आणि कोरडे खायला द्यावे. मोठ्यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला देऊ नयेत. जहाजावरील दवाखाना चांगला असला तरी महाग असतो, म्हणून विम्यात मुलाचे नाव आणि जहाजावरील उपचार दोन्ही आहेत की नाहीत हे मुंबईतच तपासावे. हात साबणाने धुणे हा नियम येथे विशेष कडक हवा, कारण जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसते जंतुनाशक जेल पुरेसे पडत नाही.

सहलीच्या शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा मध्यरात्रीपूर्वी केबिनीबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी आठच्या सुमारास केबिन रिकामी करावी लागते. मुलाचे सकाळचे कपडे, बूट, औषधे आणि त्याच्या सवयीची चादर हातातल्या पिशवीत आहे याची खात्री बॅग बाहेर ठेवण्याआधी करावी; मध्यरात्रीनंतर ती बॅग जहाजाच्या पोटात जाते आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावरच भेटते. बार्सिलोनाहून परतीचे विमान संध्याकाळचे असेल तर मधले आठ-नऊ तास सामान आणि मुले घेऊन काढायचे असतात. त्या दिवशी गटासाठी बंदराजवळ दुपारपर्यंत हॉटेलच्या एक-दोन खोल्या घेतल्यास खर्च थोडा वाढतो, पण मुलांना जेवून झोपता येते, आणि विमानात बसणारी मुले झोप काढून आलेली असतात.